हाडाच्या पोकळीत झिरपणारे औषध

दुचाकीच्या अपघातात नडगीचे हाड मोडते आणि मोडलेले टोक कातडी फाडून बाहेर येते, अशा घटना आपल्याकडे नित्याच्या झाल्या आहेत. हाड जागेवर बसवले जाते, आत सळई किंवा पट्टी घातली जाते, जखमही वरून भरून येते. परंतु रस्त्यावरच्या मातीबरोबर काही जंतू आत शिरलेले असले तर काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी, त्या जागी सूज येते, कातडीला बारीक भोक पडते आणि पू वाहू लागतो. हाडाच्या या संसर्गाला ऑस्टिओमायलायटिस असे म्हणतात. त्याला कारणीभूत होणाऱ्या जंतूंत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गोल आकाराचा जीवाणू सर्वांत जास्त वेळा सापडतो. तो अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर निरुपद्रवीपणे राहत असतो. हाडात शिरला की मात्र त्याला बाहेर काढणे अतिशय कठीण होते.

असे का व्हावे? प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक्स आपल्याकडे भरपूर आहेत, आणि प्रयोगशाळेतील काचेच्या तबकडीत हाच जंतू त्यांतल्या अनेकांना बळी पडतो. अडचण औषधाच्या गुणाची नसून ते जंतूपर्यंत पोहोचवण्याची आहे. तोंडावाटे घेतलेले किंवा शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर प्रवास करते. जिथे रक्त पोहोचत नाही तिथे औषधही पोहोचत नाही. संसर्ग झालेल्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या सुजेच्या दाबाने बंद पडतात, हाडाचा तो तुकडा मरतो आणि जंतूंना राहायला एक सुरक्षित जागा मिळते. त्यातच हे जंतू एकेकटे राहत नाहीत. मृत हाडावर किंवा धातूच्या पट्टीवर ते चिकट द्रवाचा एक थर तयार करून त्यात वस्ती करतात. पाण्याची टाकी बरेच दिवस घासली नाही तर आतून जो बुळबुळीत थर हाताला लागतो, किंवा दातांवर जे कीटण बसते, त्याच जातीचा हा प्रकार. त्याला जीवाणूपटल म्हणता येईल. या पटलात दडलेल्या जंतूंना मारण्यासाठी मोकळ्या जंतूंपेक्षा शेकडो पट अधिक संहतीचे औषध लागू शकते.

आता एक लहानसा हिशोब पाहू. जेंटामायसिन हे या कामी पूर्वीपासून वापरले जाणारे औषध आहे. रक्तात त्याचे प्रमाण दर लिटरला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देणे डॉक्टर टाळतात, कारण ते जास्त झाले किंवा फार काळ टिकले तर मूत्रपिंडाला आणि कानाच्या आतील भागाला इजा होते. कानाला झालेली इजा बहुधा कायमची असते. पटलातल्या जंतूंसाठी मात्र याच्या कितीतरी पट संहती हवी. म्हणजे बोटभर जागेतील जंतू मारण्यासाठी सबंध शरीरात औषध भरायचे, आणि तरीही त्या बोटभर जागेत ते पुरेसे पोहोचायचे नाही! मृत हाड खरवडून काढणे आणि नंतर चार ते सहा आठवडे प्रतिजैविके देणे हा या आजाराचा रूढ उपचार आहे. तो रुग्णाला आणि त्याच्या खिशाला किती जड जातो हे वेगळे सांगायला नको.

शेतकऱ्याला हा प्रश्न चटकन कळेल. सगळे शेत पाटाच्या पाण्याने भिजवायचे की नळी नेऊन झाडाच्या बुडाशी ठिबक सोडायचे? हाड खरवडल्यावर जी पोकळी उरते तिच्यातच औषध ठेवले तर?

प्लास्टर, सिमेंट आणि मणी

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. जर्मनीत 1892 साली ड्रेसमान नावाच्या डॉक्टरांनी हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या प्लास्टरमध्ये त्यांनी फिनॉल, म्हणजे कार्बोलिक ॲसिड, मिसळले होते. प्रतिजैविकांचा शोध लागायला अजून कित्येक वर्षे अवकाश होता, तेव्हाची ही गोष्ट. मूर्ती करण्यासाठी आपण जे प्लास्टर वापरतो तेच हे कॅल्शियम सल्फेट. शरीर ते काही आठवड्यांत विरघळवून टाकते, म्हणून ते पुन्हा काढावे लागत नाही. आजही शुद्ध स्वरूपातील कॅल्शियम सल्फेट या कामी वापरले जाते.

दुसरी वाट 1970 साली उघडली. हॅम्बर्गचे बुखहोल्त्स आणि एंगेलब्रेश्त यांनी कृत्रिम खुबा बसवण्यासाठी लागणाऱ्या ॲक्रिलिक सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळले. हे सिमेंट म्हणजे पॉलिमिथिल मेथाक्रिलेट. दातांची कवळी ज्या द्रव्याची करतात तेच. पुढे त्याच द्रव्याचे, साधारण 7 मिलिमीटर व्यासाचे मणी तारेत ओवून त्यांची माळ हाडाच्या पोकळीत ठेवण्याची पद्धत जर्मनीतच निघाली. पोकळीतल्या द्रवात औषधाची संहती दर लिटरला शेकडो मिलिग्रॅमपर्यंत चढते, आणि तरीही रक्तात ते जेमतेम आढळते. कानाला धोका नाही, मूत्रपिंडालाही नाही. अनेकांचे पाय या मण्यांनी वाचवले आहेत आणि आजही कित्येक रुग्णालयांत शल्यचिकित्सक असे मणी हाताने वळून वापरतात. तेव्हा त्यांचे दोष सांगताना हे श्रेय विसरता कामा नये.

पण दोष आहेतच. सिमेंट आवळताना तापते, 70–80 अंश सेल्सिअसपर्यंतही जाऊ शकते, त्यामुळे उष्णता सहन करणारी थोडीच औषधे त्यात घालता येतात. शरीर हे मणी विरघळवू शकत नाही. काही आठवड्यांनी ते काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय मिसळलेल्या औषधाचा मोठा हिस्सा, बहुधा नऊ दशांशाहूनही जास्त, सिमेंटच्या आतच अडकून राहतो.

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा दोष मात्र याहून वेगळा आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. मण्याच्या पृष्ठभागाजवळचे औषध पहिल्या काही दिवसांत भराभर बाहेर येते. त्यानंतर आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, अगदी थोडे थोडे औषध पाझरत राहते. जंतूची वाढ रोखण्यासाठी जी किमान संहती लागते तिच्याही खाली हे प्रमाण जाते. अशा अपुऱ्या औषधात दुबळे जंतू मरतात आणि थोडेफार तग धरणारे जगतात व वाढतात. म्हणजे जंतूंना औषध पचवण्याची सवय लावणारी शाळाच आपण हाडात उघडून ठेवतो. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या मण्यांवर जेंटामायसिनला न जुमानणारे जंतू वाढलेले आढळलेही आहेत.

तेव्हा औषध दीर्घकाळ झिरपले पाहिजे एवढेच म्हणणे पुरेसे नाही. आरंभी भरपूर, मग काही आठवडे किमान पातळीच्या बरेच वर आणि शेवटी झटकन शून्य, असा आलेख हवा. जाहिरातींत आणि वर्तमानपत्री बातम्यांत ‘दीर्घकाळ’ या शब्दावर भर असतो. आलेखाचे शेपूट कसे आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

वर्गमुळाचा नियम

औषध आधी वेगाने आणि मग मंदपणे का बाहेर येते? समजा एखाद्या घट्ट पदार्थात औषध सर्वत्र सारखे पसरलेले आहे. काठावरचे रेणू लगेच बाहेर पडतात. त्यांच्या मागच्यांना थोडे अंतर कापावे लागते, अगदी आतल्यांना बरेच. रेणू सरळ रेषेत चालत नाहीत, ते इकडेतिकडे धडपडत सरकतात. यालाच विसरण म्हणतात. अशा चालीत दुप्पट अंतर जाण्यास दुप्पट नव्हे, तर चौपट वेळ लागतो. म्हणून बाहेर आलेले एकूण औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हिगुची या औषधशास्त्रज्ञाने 1961 साली मलमातून औषध कसे बाहेर येते याचा विचार करताना हा नियम मांडला. पहिल्या दिवशी 10 टक्के औषध बाहेर आले असेल, तर 20 टक्के व्हायला 4 दिवस आणि 30 टक्के व्हायला 9 दिवस लागतील. सोळाव्या दिवशी बाहेर येण्याचा वेग पहिल्या दिवसाच्या एक चतुर्थांशावर आलेला असेल. नुसत्या विसरणावर विसंबले तर आलेख असाच येणार आणि त्याला शेपूटही येणार. ते बदलायचे असेल तर पदार्थाच्या रचनेतच काही करायला हवे.

निसर्गाने केलेले संमिश्र

इथे आपण क्षणभर हाडाकडेच वळू. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि व्हिनेगर एक-दोनदा बदलावे. आठवड्याभरात ते रबरासारखे वाकू लागते. दुसरे तसेच हाड निखाऱ्यावर पांढरे होईपर्यंत भाजले तर त्याचा आकार टिकतो, पण ते बोटांनी चुरडता येते. व्हिनेगरने खनिज विरघळले आणि कोलॅजेन हे प्रथिन मागे राहिले. भाजल्याने कोलॅजेन जळाले आणि खनिज उरले. हाडाच्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो. ते म्हणजे हायड्रॉक्सिॲपटाइट या कॅल्शियम फॉस्फेटचे काहीसे अशुद्ध रूप. त्याचे चपटे स्फटिक काही दशक नॅनोमीटर लांब आणि अवघे 2–3 नॅनोमीटर जाड असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कोलॅजेन हे रेणूंची लांबच लांब साखळी असलेले द्रव्य, म्हणजे एक पॉलिमर. हायड्रॉक्सिॲपटाइटची गणना सिरॅमिकमध्ये होते. थोडक्यात, सिरॅमिक व पॉलिमर यांचे नॅनोसंमिश्र हा भारदस्त शब्द ज्यासाठी योजला आहे ती वस्तू प्रत्येकाच्या पायात आहे!

माणसाने तयार केलेली औषधवाहक संमिश्रे याच धर्तीची आहेत. त्यांत सिरॅमिक बहुधा हायड्रॉक्सिॲपटाइट किंवा त्याचा भाऊबंद ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असते. पॉलिमर मात्र अनेक प्रकारचे वापरून पाहिले गेले आहेत. कोलॅजेन आणि जिलेटिन आहेत, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान आहे. सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या साखळीचा. तिला पीएलजीए असे संक्षिप्त नाव आहे. आपोआप विरघळणारे टाके 1970 च्या दशकापासून याच कुळातील द्रव्यांचे केले जातात. शरीरातील पाण्याने ही साखळी तुटत जाते. तिच्यातले लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे आम्लच. श्रमानंतर ते आपल्या स्नायूंतही तयार होते आणि शरीर त्याची विल्हेवाट लावू शकते. दोन आम्लांचे प्रमाण निम्मे-निम्मे असेल तर पदार्थ साधारण एक-दोन महिन्यांत झिजतो. लॅक्टिकचा वाटा वाढवला की हा काळ लांबतो.

दोघांना एकत्र का आणायचे? एकट्या हायड्रॉक्सिॲपटाइटचे सच्छिद्र ठोकळे करायचे तर ते 1000 अंशांहून अधिक तापमानाला भाजावे लागतात. त्यात आधी औषध घालणे अशक्यच. नंतर छिद्रांत भरावे तर ते काही दिवसांत, कधी काही तासांतही, धुऊन जाते. एकटे पीएलजीए घ्यावे तर ते झिजताना आम्ल साठते, आम्लामुळे झीज आणखी वाढते आणि भोवतालच्या पेशींनाही त्रास होतो. दोघे एकत्र आले की आम्लाने हायड्रॉक्सिॲपटाइटचे कण थोडे विरघळतात आणि आम्लाचे प्रमाण आटोक्यात राहते. त्यातून सुटणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट नवीन हाडाला उपयोगी पडतात.

सिरॅमिकचे दुसरे काम औषधाला धरून ठेवणे. लहानपणी टेट्रासायक्लिन दिलेल्या मुलांचे दात पिवळे पडतात हे पुष्कळांनी ऐकले असेल. हे औषध कॅल्शियमला घट्ट चिकटते आणि वाढत्या दातांतील खनिजात कायमचे बसते. दातांच्या बाबतीत जो दोष, तोच औषधवाहकात गुण ठरतो. अनेक प्रतिजैविके हायड्रॉक्सिॲपटाइटच्या पृष्ठभागाला कमी-अधिक चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. ते पृष्ठभागावर घडत असल्याने पृष्ठभाग जितका मोठा तितके चांगले. नॅनो आकाराचे महत्त्व इथे आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. त्याचेच 50 नॅनोमीटर बाजूचे घन पाडले तर एकूण पृष्ठफळ 120 चौरस मीटर भरते, म्हणजे आपल्या नेहमीच्या दोन-तीन वर्गखोल्यांच्या जमिनीएवढे. विद्यार्थ्यांनी हा हिशोब स्वतः करून पाहावा. नॅनोकण करायला भट्टीही लागत नाही. कॅल्शियम नायट्रेट व अमोनियम फॉस्फेट यांची द्रावणे अल्कधर्मी पाण्यात मिसळली की ते साक्याच्या रूपाने खाली बसतात.

म्हणजे औषधाच्या रेणूपुढे तीन अडसर उभे राहिले. आधी कणाच्या पृष्ठभागावरून सुटायचे, मग कणांना वळसे घालत पॉलिमरमधून वाट काढायची, आणि खोल अडकलेल्यांनी पॉलिमर झिजण्याची वाट पाहायची. पहिल्या दोन अडसरांमुळे सुरुवातीचा लोंढा आवरतो. तिसऱ्यामुळे शेवटी पदार्थच नाहीसा होतो, त्यामुळे शेपूट अनंतकाळ लांबत नाही. पॉलिमरचे प्रमाण, कणांचा आकार आणि औषधाची जात बदलून आलेख हवा तसा वाकवण्याचा प्रयत्न केला जातो. प्रयत्न म्हणण्याचे कारण असे की नॅनोकण एकमेकांना चिकटून गोळे होतात. पिठले करताना बेसनाच्या गुठळ्या व्हाव्यात तसे. गुठळ्या झाल्या की 120 चौरस मीटरांचा फायदा कागदावरच राहतो. या क्षेत्रातील पुष्कळ श्रम या गुठळ्या मोडण्यातच जातात.

रुग्णालयापर्यंतचे अंतर

सिरॅमिक व प्रतिजैविक ही जोडी माणसांत वापरात आहे. कॅल्शियम सल्फेट आणि हायड्रॉक्सिॲपटाइट यांच्या मिश्रणात जेंटामायसिन घातलेल्या लगद्याला युरोपनंतर 2022 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनीही परवानगी दिली. पॉलिमर व प्रतिजैविक ही जोडीही आहे. हिरड्यांच्या विकारात दातालगतच्या खाचेत भरायचे, मिनोसायक्लिन असलेले पीएलजीएचे सूक्ष्म गोळे अमेरिकेत 2001 पासून मिळतात. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत सच्छिद्र हायड्रॉक्सिॲपटाइटमध्ये प्रतिजैविके भरून सशांच्या हाडातील संसर्गावर प्रयोग झालेले आहेत. तिन्हींचे नॅनोसंमिश्र मात्र अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहे. काचेच्या बाटलीतील 37 अंश तापमानाचे खारे पाणी आणि रक्त, पू, पेशी यांनी भरलेली हाडाची पोकळी यांत फरक असतो. बाटलीत चार आठवडे पुरणारे औषध शरीरात तितकेच पुरेल याची खात्री नाही. शिवाय अनेक निबंधांतले आलेख काही आठवड्यांवर थांबतात, पदार्थ मात्र त्यानंतरही शरीरात असतो. आपल्याला ज्या शेपटाची काळजी आहे ते आलेखाच्या कागदाबाहेर राहते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये हाडे व सांधे यांच्या संसर्गाच्या 1,054 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. पहिले सहा आठवडे शिरेतून औषध दिलेल्या आणि तोंडावाटे दिलेल्या रुग्णांत उपचार फसण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. अनुक्रमे 14.6 आणि 13.2 टक्के. म्हणजे साध्या गोळ्यांनीही पुष्कळ काम होते. नव्या संमिश्राला या गोळ्यांशी स्पर्धा करून, किंवा त्यांच्या जोडीने, आपली उपयुक्तता सिद्ध करावी लागेल. मात्र दोन्ही गटांत सातांपैकी साधारण एका रुग्णाचा उपचार फसला, ही बाबही नजरेआड करून चालणार नाही.

वर्गात करण्यासारखा प्रयोग

यासाठी खरी प्रतिजैविके वापरू नयेत. ती शेवटी मोरीत जातात आणि तिथल्या जंतूंना सवय लावतात. त्याऐवजी शाळेच्या प्रयोगशाळेतील मिथिलीन ब्ल्यू घ्यावे. दोन भांड्यांत सारखेच पाणी आणि त्यात रंगाचे सारखेच थेंब घालावेत. एका भांड्यात पाव चमचा मुलतानी माती चांगली ढवळून मिसळावी, गुठळ्या राहू देऊ नयेत. मग दोन्हींत गरम पाण्यात विरघळवलेले चायना ग्रास सारख्याच प्रमाणात घालून बाटलीच्या टोपणांत वड्या पाडाव्यात. त्या घट्ट झाल्यावर काढून प्रत्येकी 100 मिलिलिटर पाण्यात सोडाव्यात. इथे मुलतानी माती सिरॅमिकच्या जागी आहे आणि चायना ग्रास पॉलिमरच्या. तुलनेसाठी 1, 2, 3, 4 थेंब रंग घातलेल्या पाण्याचे पेले शेजारी मांडावेत.

पाणी हलकेच हलवून 15 मिनिटे, 1 तास, सव्वादोन तास आणि 4 तासांनी रंग ताडून पाहावा. हे पाव तासाच्या हिशोबाने 1, 4, 9 आणि 16 झाले. त्यांची वर्गमुळे 1, 2, 3, 4 आडव्या अक्षावर घेतली तर साध्या वडीचे बिंदू सरळ रेषेच्या जवळपास पडतात. मातीच्या वडीतून रंग बराच कमी सुटतो. माती जास्त झाली तर तो जवळजवळ सुटतच नाही. सिमेंटच्या मण्यांत अडकलेल्या औषधाची आठवण इथे विद्यार्थ्यांना करून द्यावी आणि मातीचे कोणते प्रमाण योग्य हे त्यांनाच ठरवू द्यावे. त्यानंतर दोन्ही वड्या रोज ताज्या पाण्यात ठेवून आठवडाभर नोंद चालू ठेवावी. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागले तरी नोंद थांबवू नये. अशा पाण्यात पांढरा कागद बुडवून आणि शेजारी कोऱ्या पाण्याचा पेला ठेवून, रंगाची छटा अजून येते का आणि ती कोणत्या दिवसापर्यंत येते, हे प्रत्येक गटाने लिहून ठेवावे.